उरलेली काळी शाई दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरमध्ये चालेल का?

मीनल_सुदामानगर:

नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. सासरे पत्रिका करतात: जन्मपत्रिका, गुणमेलन, वर्षफळ. गणित अजून हातानेच मांडतात, मग सॉफ्टवेअरवर ताडून बघतात. छपाईचं सगळं माझ्याकडे. आतली पानं १०० जीएसएमची, वर जाड पिवळा कागद, मधोमध दोन पिना. कागद खजुरी बाजारातून येतो.

आतापर्यंत आमच्याकडे कॅननचा जी२०१० होता. तो मध्येच चालेनासा झाला. ज्या दुकानात दाखवला तिथे "याचं आयुष्य संपलं, आता यावर खर्च करू नका" म्हणाले, म्हणून एप्सनचा एल३२१० घेतला. नव्या प्रिंटरबद्दल तक्रार नाही. छपाई स्वच्छ येते, रंगही छान. पण एक अडचण अशी आली आहे की माझं कामच थांबलंय.

पत्रिका तयार झाली की सासरे पहिल्या पानाच्या चारही कोपऱ्यांना अनामिकेने ओलं कुंकू लावतात. आधीच्या पानांवर नुसता लाल ठिपका उमटायचा, शेजारची अक्षरं जशीच्या तशी राहायची. आता कोपऱ्यातल्या 'श्री'ला ओल लागली की काळा रंग फुटतो, भोवती जांभळट वलय धरतं, आणि थोड्याच वेळात वेलांटी कुठली आणि र-कार कुठला ते कळेनासं होतं. त्यातच महूचे एक गृहस्थ पत्रिका घेऊन गेले आणि वाटेत पावसात त्यांची पिशवी भिजली. कुंडलीच्या घरांमधले राशींचे अंक आणि ग्रहांची अक्षरं एकमेकांत मिसळून गेली. लोक पत्रिका जन्मभर कपाटात जपतात, मुलांच्या लग्नाच्या वेळी बाहेर काढतात. अशी वस्तू पाण्याच्या चार थेंबांनी जाणार असेल तर ती मला कुणाच्या हातात द्यायचीच नाही.

जुन्या प्रिंटरची काळ्या शाईची बाटली, जीआय-७९०, जवळजवळ भरलेली पडून आहे. रंगीत बाटल्याही अर्ध्यामुर्ध्या आहेत. ती काळी शाई नव्या प्रिंटरच्या काळ्या टाकीत ओतली तर चालेल का? टाकीत आत्ता ००३ नंबरची शाई अर्ध्यावर आहे. बाजारात एकाने "सब में चलती है" म्हणून लिटरची एक बाटली दाखवली, वर 'युनिव्हर्सल' लिहिलेलं. तिच्याबद्दलही कुणाला माहीत असेल तर सांगा.

भंवरकुआं_झेरॉक्स:

ताई, मी कोचिंगच्या मुलांच्या नोट्स छापतो, बहुतेक पीएससीवाले. दिवसभर मशीन चालू. एल३६०, एल३८०, एल३११०, सगळे एप्सनचेच. कंपनीची शाई केव्हाच सोडली. सुटी शाई लिटरच्या हिशोबाने आणतो आणि सगळ्यांत तीच घालतो. ६६४ असो की ००३, काही फरक पडून नाही राहिला, शाई फेकणारं हेड एकदाही गेलं नाही. नंबर वेगळे केलेत ते बाटल्या खपवायला. माझ्या मते काळी ती काळी. ओता बिनधास्त.

टंकदुरुस्ती_जेलरोड:

मीनलताई, बाटलीचं झाकण उघडू नका. आधी हे वाचा. लांबेल, पण तुमचं काम असं आहे की अर्धवट सांगणं बरोबर नाही.

माझे वडील जेल रोडला टाइपरायटर दुरुस्त करायचे. त्याच टेबलावर मी आता प्रिंटर दुरुस्त करते. इंकटँकचे जे प्रिंटर माझ्याकडे येतात, त्यांतले कितीतरी झिजलेले नसतात. चांगले चालते असतात, आणि कुणीतरी "शाई ती शाई" म्हणून भलतीच बाटली ओतलेली असते. हेड उघडलं की आत काळा चिकट गाळ. तो बघून दर वेळी वाईट वाटतं, कारण हे टाळता आलं असतं.

आधी मूळ दुखणं. प्रिंटरची शाई दोन जातींची असते, डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तो कागदाच्या धाग्यांत शिरतो, आणि पुन्हा पाणी मिळालं की पुन्हा विरघळून चालायला लागतो. पिगमेंटमध्ये रंग विरघळलेला नसतोच. त्याचे फार बारीक कण पाण्यात तरंगते ठेवलेले असतात. पाणी उडून गेलं की ते कण कागदाच्या वरच्या थरात अडकून बसतात आणि नंतर ओल लागली तरी जागचे हलत नाहीत. काळ्या पिगमेंटमधले कण म्हणजे कार्बन, साधी काजळी. जुन्या पोथ्या ज्या काजळाच्या शाईने लिहिल्या, तिच्याच घराण्यातली ही शाई. सासऱ्यांना एवढंच सांगितलंत तरी त्यांना सगळं उमगेल.

तुमच्या जी२०१०ची काळी शाई पिगमेंट आहे, बाकीचे तीन रंग डाय. एल३२१०मध्ये चारही डाय. म्हणून जुनी पानं कुंकवाला टिकली आणि नवी फुटली. प्रिंटरमध्ये बिघाड नाही, शाईची जात बदलली आहे. खात्री करायची असेल तर टिपकागदाच्या दोन पट्ट्या कापा. प्रत्येकीवर तळापासून दोन बोटं वर एकेका काळ्या शाईचा थेंब ठेवा, वाळू द्या, आणि पट्टीचं फक्त टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून उभी धरा. पाणी वर चढताना डाय सोबत निघेल, पिगमेंट जिथे ठेवली तिथेच राहील.

म्हणजे पत्रिकेला जी शाई हवी ती तुमच्या घरात बाटलीत आहे. तरीही ती एल३२१०मध्ये घालू नका, कारण ती ज्या हेडसाठी बनवली आहे ते हेडच वेगळ्या तऱ्हेने चालतं.

कॅनन आणि एचपीचे हे टाकीवाले प्रिंटर उष्णतेवर चालतात. नोझल म्हणजे शाई बाहेर पडायचं बारीक छिद्र, त्याच्या आत एक इवलासा हीटर असतो. काही मायक्रोसेकंद तो तीनशे अंशांच्या वर तापतो, त्याला टेकलेल्या शाईच्या पातळ थराची वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि पुढचा थेंब बाहेर फेकला जातो. कॅननमध्ये याची सुरुवातच अशी झाली की १९७७मध्ये प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला सोल्डरिंगची तापलेली कांडी लागली आणि टोकातून शाई उडाली. एप्सन आणि ब्रदर वेगळ्या वाटेने गेले. त्यांच्या हेडमध्ये पिएझो स्फटिक असतो. विजेचा झटका मिळाला की तो वाकतो आणि शाईला ढकलतो, तापवत काहीच नाही. एप्सनने असं हेड घरगुती रंगीत छपाईपर्यंत आणलं ते १९९०च्या दशकात.

आता शाई बनवणाऱ्याच्या बाजूने बघा. हीटरवाल्या हेडची शाई क्षणात वाफ होणारी हवी आणि तापून हीटरवर करपून बसता कामा नये. पिएझोच्या शाईला ही काळजी नसते, पण तिचा दाटपणा स्फटिकाच्या हिसक्याशी जुळावा लागतो, आणि ती साधारणपणे थोडी दाटच असते. एप्सनची शाई कॅननमध्ये घातली तर हीटरवर पुटं चढतात आणि एकेक नोझल मुकं होतं. कॅननची एप्सनमध्ये घातली तर थेंब नीट तुटत नाही, सोबत बारीक तुषार उडतात, अक्षराची कड खरखरीत दिसते, आणि लांब छपाईत मध्येच रेघ सुटते. सुरुवातीची काही पानं उत्तम येतात. फसगत होते ती तिथेच.

त्याहून मोठं भय मिसळण्याचं. तुमच्या टाकीत डाय अर्ध्यावर आहे, वरून पिगमेंट ओतणार. पिगमेंटचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती विशिष्ट रसायनं आणि विद्युतभार सांभाळलेला असतो. दुसऱ्या शाईतले क्षार, तिचा आम्ल-अल्कली गुण, तिच्यातलं ग्लायकॉल, यांतलं काहीही तो तोल बिघडवू शकतं. मग कण गुठळ्या धरतात. काही कंपन्यांनी तर हे मुद्दाम वापरलं आहे. रंगीत शाईत असे क्षार घालतात की कागदावर काळ्या पिगमेंटला ती भेटली की काळी तिथल्या तिथे गोठावी, म्हणजे पिवळ्यावर छापलेलं काळं अक्षर पसरत नाही. कागदावर हा गुण आहे. तेच टाकीत किंवा नळीत घडलं तर हेड गेलं. एप्सनचं हेड प्रिंटरच्या आत पक्कं बसवलेलं असतं, घरी बदलता येत नाही, आणि त्याचा खर्च ऐकून बहुतेक लोक नवाच प्रिंटर घेतात. जी२०१०ची दोन्ही हेडं निदान काढून दुसरी लावता येतात.

भंवरकुआंवाले दादा सांगताहेत ते त्यांच्या दुकानापुरतं खरं आहे, आणि का खरं आहे ते समजून घ्या. त्यांचे सगळे प्रिंटर पिएझो. ६६४ आणि ००३ या दोन्ही डाय शाया. सुटी आणतात तीही डाय. शिवाय मशीन दिवसभर चालतं, नोझलला वाळायला सवडच मिळत नाही. हेड एक जातीचं, शाई एक जातीची, वापर रोजचा, म्हणून निभावतं. कंपनी एक आहे म्हणून निभावतंय, असं समजू नका. एप्सनचीच ००१ नंबरची काळी, जी एल४१५० आणि एल४१६०मध्ये जाते, ती पिगमेंट आहे. एम मालिकेच्या नुसत्या काळ्या प्रिंटरांची ७७४ आणि ००५ याही पिगमेंट. यांतली कुठलीही ००३च्या टाकीत ओतली तर डबा एकाच कंपनीचा असूनही गोंधळ व्हायचा तो होईलच. एचपीच्या टाकीवाल्यांत जीटी५३ काळी पिगमेंट, जीटी५२ रंगीत डाय. ब्रदरच्या टी३१०, टी५१० वगैरेंतही काळी पिगमेंट आणि रंगीत डाय. पण ब्रदर पिएझो आणि एचपी उष्णतेवर, म्हणून जात जुळली तरी एकमेकांच्या बाटल्या बदलायच्या नाहीत. हेडची तऱ्हा आणि शाईची जात, दोन्ही जुळल्या तरच पुढचा विचार.

'युनिव्हर्सल'बद्दल: त्या बाटलीत जवळजवळ नेहमीच डाय असते, सगळ्यांना थोडीथोडी चालेल अशा बेताची. छापेल, पण तुमचं कुंकू तिलाही फोडेल. म्हणजे तुमच्यासाठी ती बिनकामाची.

आता एक सांगा. जुना जी२०१० बंद पडला तेव्हा त्याच्या छोट्या पडद्यावर काय दिसत होतं? आणि तो अजून घरात आहे का?

बडोदा_छायाचित्र:

वरचं उत्तर पूर्ण बरोबर. मी बडोद्याला रावपुऱ्यात राहतो, फोटोंचं काम करतो. त्यात रंगाच्या बाजूने थोडी भर.

माझ्याकडे एल८०५ आहे, सहा रंगांचा, ६७३ शाईचा. तिच्या जागी बाहेरची डाय घातली तर हेडला सहसा काही होत नाही, पण रंग सरकतो. प्रिंटरचा ड्रायव्हर कुठल्या रंगाचे किती थेंब टाकायचे हे मूळ शाई धरून ठरवतो. शाई बदलली तरी त्याला ते कळायला मार्ग नाही. कृष्णधवल फोटोत हे सगळ्यात आधी दिसतं, करड्यावर हिरवट किंवा गुलाबी झाक येते. त्या शाईसाठी आणि त्या कागदासाठी रंगाचं प्रोफाइल वेगळं करून घेतलं तरच ते सुधारतं. पत्रिकेत नवग्रहांचे रंग थोडे इकडेतिकडे झाले तर चालून जाईल, लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा शालू चालत नाही.

टिकण्याचंही तसंच. स्वस्त डायचा फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला की आधी गुलाबी उडतो किंवा पिवळा, आणि चेहरे निळसर दिसायला लागतात. पिगमेंट उजेडालाही जास्त टिकते. मात्र तकतकीत फोटो पेपरवर ती वरच बसते, नख लागलं तर ओरखडा उठतो. ज्याला जे हवं त्याने ते घ्यावं.

आणि ताई, बाजारात सब्लिमेशनची शाईही मिळते, मगवर आणि टी-शर्टवर छापायची. लोक ती एप्सनमध्येच घालतात, कारण तिथे हेड तापत नाही. ती पत्रिकेला अजिबात घेऊ नका. कागदावर फिकी दिसते आणि हीटप्रेसमध्ये दोनशे अंशांच्या आसपास तापवल्यावर पॉलिस्टरवर चढते तेव्हाच तिचा खरा रंग खुलतो.

मीनल_सुदामानगर:

दोघांचेही मनापासून आभार.

टिपकागद मिळाला नाही, चहाच्या डिपडिप पिशव्या उलगडून त्याच्या पट्ट्या केल्या. ००३ची काळी पाण्यासोबत सरसर वर गेली. खाली राखी, मग जांभळा, अगदी वर निळसर कड. जी२०१०ची काळी ठेवली तिथे ठिपका होऊन बसली, पाणी तिच्या बाजूने वर निघून गेलं. सासरे शेजारी बसून बघत होते. काजळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी आजोबांच्या हातचं पंचांग काढून दाखवलं. त्याच्या कडा पाण्याने पिवळ्या पडल्यात, अक्षर मात्र काळंभोर.

जुना प्रिंटर माळ्यावर आहे. बंद पडला तेव्हा पडद्यावर पी, शून्य, सात असं येत होतं आणि संगणकावर ५बी०० लिहून यायचं. दिवे आलटून पालटून लुकलुकायचे. छपाई त्याच्या आदल्या दिवसापर्यंत उत्तम होती.

शेजारच्या मुलाने सांगितलं की एप्सनसाठीच बनवलेली पिगमेंट शाई वेगळी मिळते, ती घाला. ते योग्य होईल का?

टंकदुरुस्ती_जेलरोड:

ताई, पी०७ म्हणजे प्रिंटर गेलेला नाही! तुम्हाला चुकीचं सांगितलं.

प्रत्येक वेळी हेड साफ होतं तेव्हा थोडी शाई नोझलमधून ओढून खाली सोडली जाते. ती जाते प्रिंटरच्या तळाशी असलेल्या जाड नमद्यासारख्या पॅडमध्ये. पॅड किती ओलं झालं हे बघणारं कुठलंही साधन तिथे नसतं. प्रिंटर आपल्या मेमरीत हिशोब मांडत जातो, एवढ्या सफाया झाल्या म्हणजे एवढी शाई गेली. हिशोब मर्यादेला पोचला की तो ५बी०० दाखवून थांबतो, नाहीतर शाई खालून टेबलावर उतरेल. हेड, नळ्या, मोटर, सगळं धडधाकट असू शकतं. तुमची छपाई आदल्या दिवसापर्यंत उत्तम होती, त्यावरूनही हेच दिसतं.

यावर उपाय ठरलेला आहे, पॅड बदलायचं आणि काउंटर शून्यावर आणायचा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला "वेस्ट इंक पॅड बदलून रिसेट करून द्या" असं नेमकं सांगा. नुसतं सॉफ्टवेअरने रिसेट करून देणारे पुष्कळ भेटतील. पॅड न बदलता रिसेट केला तर प्रिंटर चालतो, पण शाई भरल्या पॅडवरच पडत राहते आणि कधीतरी खालून गळते. तुमच्या घरी तर शेजारी पत्रिकांचे कोरे कागद असणार. पुढे कधी या मालिकेतला नवा घ्यायचा झाला तर जी२०२० किंवा जी३०२० बघा, त्यांत हा भाग घरच्या घरी काढून दुसरा लावता येतो.

प्रिंटर आडवा करून नेऊ नका, टाक्यांत शाई आहे. सपाट ठेवून न्या. माळ्यावर पडून होता म्हणजे नोझल वाळली असतील. दुरुस्तीनंतर आधी नोझल चेकचं पान काढा. रेघा तुटक आल्या तर एकदा क्लीनिंग करा, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी पुन्हा पान काढा. बरीच वाळलेली शाई नुसत्या वेळानेच सुटते. एकामागून एक क्लीनिंग मारत बसलात तर नव्या पॅडचाच हिशोब वाढेल.

शेजारच्या मुलाचं म्हणणं खोटं नाही. पिएझो हेडसाठी बनवलेली पिगमेंट मिळते आणि काही लोक ती एल मालिकेत चालवतात. पण त्यासाठी काळी टाकी, नळी आणि हेड आधी पूर्ण रिकामं करून फ्लश करावं लागतं, थोडी डाय आत राहिली तरी मिसळण्याची तीच भीती. ज्या प्रिंटरची वॉरंटी चालू आहे तो यासाठी उघडू नये. शिवाय पिगमेंटचे कण खाली बसतात, आणि इंदूरच्या मे महिन्यात आठ-दहा दिवस छपाई झाली नाही की नोझल बंद. एल३२१०च्या काळ्या बाजूला १८० नोझल आहेत, त्यांतली चार-पाच जरी बुजली तरी 'श्री'च्या अंगावर पांढरी रेघ येते. जुना प्रिंटर दुरुस्त होण्यासारखा असताना नव्यावर हा प्रयोग कशाला? जुन्यावर काळी पानं छापा, शाईची बाटली तर आहेच. रंगीत पानं नव्यावर.

तोपर्यंत ज्या पत्रिका द्यायच्याच आहेत त्यांचा कोपऱ्यातला मजकूर आत सरकवा, कुंकवाला कोरी जागा सोडा, आणि पुस्तिका प्लास्टिकच्या पाकिटात घालून द्या.

भंवरकुआं_झेरॉक्स:

ताईंनी सांगितलेलं टिपकागदाचं मी पण करून बघितलं, माझी लिटरवाली डायच निघाली. नोट्सला ठीक आहे. पण फॉर्म आणि शपथपत्रं छापतो त्यावर लोक शिक्क्याचं ओलं बोट लावतात. त्यासाठी ब्रदरचा पिगमेंट काळीवाला घेतला तर चालेल का, की लेझरच बरा?

टंकदुरुस्ती_जेलरोड:

दादा, शपथपत्रांना लेझर घ्या. टोनर म्हणजे प्लास्टिकची भुकटी, ती वितळून कागदाला चिकटते, पाण्याला दाद देत नाही आणि महिनाभर बंद राहिला तरी वाळायला काही नसतं. फक्त घडी जिथे पडते तिथली अक्षरं कालांतराने सोलतात, तेव्हा सहीची जागा घडीवर येऊ देऊ नका.

मीनल_सुदामानगर:

जुना प्रिंटर पॅड बदलून आला. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, बाकी सगळं ठीक होतं. नोझल चेकमध्ये काळ्याच्या दोन रेघा तुटक होत्या, एका क्लीनिंगनंतर आणि रात्र गेल्यावर पूर्ण आल्या. आतल्या पानांवर ओलं बोट फिरवून बघितलं, अक्षर ढिम्म हललं नाही.

पण एक कोडं उरलंय. मुखपृष्ठाच्या जाड पिवळ्या कागदावर त्याच प्रिंटरने, त्याच बाटलीने छापलं तर तिथलं 'श्री' अजून फुटतंय. पूर्वी असं होत नव्हतं. शाई जुनी झाली म्हणून का?

टंकदुरुस्ती_जेलरोड:

शाई ठीक आहे. छापताना कागदाचा प्रकार काय निवडलात ते बघा. कागद जाड म्हणून 'फोटो पेपर' निवडलं असेल. या प्रिंटरमध्ये पिगमेंट काळी फक्त साध्या कागदासाठी वापरली जाते. फोटो पेपर म्हटलं की तो काळी टाकी बाजूला ठेवतो आणि निळा, गुलाबी, पिवळा एकत्र करून काळा बनवतो, आणि ते तिन्ही डाय. प्रिंटर पुन्हा जोडताना ड्रायव्हर नव्याने टाकला असेल, त्यात जुनी निवड पुसली गेली असणार.

'प्लेन पेपर' निवडा, दर्जा 'हाय' ठेवा, आणि जाड कागद मागच्या ट्रेमध्ये एकेक करून घाला.

मीनल_सुदामानगर:

फोटो पेपरच निवडलेलं होतं. बदललं, छापलं, वाळू दिलं, सासऱ्यांनी कुंकू लावलं. नाही फुटलं. महूच्या गृहस्थांची पत्रिका आज पुन्हा छापते आहे.